कुलूप उघडायची हत्यारं छंद म्हणून बाळगायची?

सहावी_गल्ली: काल 'पिनवाला' यांनी चौदा हुकांच्या संचाचा फोटो टाकून लिहिलं, "भारतात बंदी नाही, माझा छंद आहे, कुणी विचारायचं कारण नाही." मी विचारणार. २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं घर बंद करून आम्ही बहिणीकडे गेलो. परत आलो तर खाली गुडघाभर चिखल, आणि वरच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं. कोयंड्यावर ओरखडासुद्धा नाही. आत सासूबाईंच्या पाटल्या गायब. पोलिसांचा पहिला प्रश्न आला, "किल्ली कुणाकडं असते?" एक किल्ली धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे असायची. तीन दिवस त्यांना चौकशीला बसवलं. कुलूप फोडलेलं असतं तर त्यांच्यावर बोट आलं नसतं. चौदा वर्षं काम केलेल्या मावशी परत आमच्या दारात आल्या नाहीत. आता सांगा, कसला छंद?

पिनवाला: ताई, वाईट झालं. पण त्याचं खापर माझ्या माथी नको. मी उद्यमनगरात लेथवर असतो. पहिला हूक हॅक्सॉ ब्लेड घासून स्वतः केला. किल्लीच्या भोकात खालून अलगद ताण द्यायचा, हुकानं कुलपाच्या आतली एकेक पिन चाचपायची. बरोबर उंचीला आली की 'टक्' लागतं आणि कुलपाचा गाभा, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा भाग, केसभर फिरतो. पाचवी पिन बसली की जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही. आमचे दोन नियम: दुसऱ्याचं कुलूप विचारल्याशिवाय नाही, वापरातलं कुलूप तर नाहीच. पेपर उघडा, रोज 'कडीकोयंडा उचकटून' असंच छापलेलं असतं. चोर असला खेळ करत बसत नाही.
आणि कुलपं सुधारली कुणामुळं? १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकनानं चब या इंग्रज कंपनीचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कंपनीचं कुलूप तर २०० गिनींचं बक्षीस लावून वर्षानुवर्षं दुकानाच्या काचेत ठेवलेलं. तेही त्यानं १६ दिवसांत, ५१ तास खपून उघडलं. तोवर सगळे निर्धास्त होते.

कोर्टाची_पायरी: "बंदी नाही" इथंच थांबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १२२ वाचा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा. आणि कारण सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात निदान राहत्या घराबाहेर असतानाच गुन्हा, अशी अट आहे. जपाननं तर २००३ साली असल्या हत्यारांसाठी वेगळाच कायदा केला.

पिनवाला: मग मला कारण सांगता येतं की. छंद आहे, व्हिडिओ आहेत.

सेंट्रिंगवाला: तुम्हाला सांगता येतं. मला आलं नव्हतं.
स्लॅबचं काम आटपून रात्री साडेअकराला गाडीवरून येत होतो. पिशवीत कटावणी, हातोडी, पक्कड. नाक्यावर अडवलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग बसवलं. सकाळी ठेकेदार आला तेव्हा सोडलं. आम्ही रामोशी. आमच्या पणज्याला गावात हजेरी द्यावी लागायची, चोरी केली म्हणून नव्हे, जन्मला म्हणून. शाहू महाराजांनी १९१८ ला संस्थानात हजेरी बंद केली. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा जायला १९५२ उजाडलं. माझी हजेरी त्या रात्री परत लागली. हुकांचा संच माझ्याकडं सापडला असता तर छंद म्हणून कुणी ऐकलं असतं?

पिनवाला: विषय कुलपांचा चाललाय, यात जात कशाला आणता? मी कुणाला अडवलंय का?

सेंट्रिंगवाला: मी आणली नाही, नाक्यावर मला विचारली. "कुणी विचारायचं कारण नाही" हे वाक्य तुमचं. ते बोलायला मिळणं हीच चैन आहे, एवढंच म्हणतोय. आणि ताईंच्या मावशींचंही तेच झालं. किल्ली घरातल्या चौघांकडंही असेल, बसवलं कुणाला?

रंकाळा_चौपाटी: त्यापेक्षा रस्त्यावर किल्ल्या करून देणाऱ्यांचं बघा. कुणाची किल्ली, कुठलं घर, काही विचारत नाहीत.

कोर्टाची_पायरी: त्यांचं पोट आहे त्यावर. त्यांना मध्ये ओढू नका.

सहावी_गल्ली: सेंट्रिंगवाला भाऊ, तुमचं वाचून हात थांबला. चौघांना कुणी विचारलं नाही, खरं आहे. मीही तेव्हा "मावशी असं करणार नाहीत" एवढंच पुटपुटले, ठाण्यात जाऊन बोलले नाही. तरी ही हत्यारं कुणालाही मिळावीत हे मला पटत नाही. नाहीच पटत.

पिनवाला: ताई, चोर असं करत नाही हे मी ठासून बोललो, ते तेवढं मागं घेतो. ते कुलूप अजून आहे का? हूक फिरला असेल तर पिनांवर बारीक ओरखडे राहतात, किल्लीची झीज वेगळी दिसते. गाभा काढून भिंगाखाली धरला तर कळू शकतं.

सहावी_गल्ली: आहे. माळ्यावर पिशवीत आहे, परत कधी लावलं नाही. रविवारी सकाळी या. मी मावशींच्या घरी जाऊन त्यांना बोलावते. आल्या तर त्यांच्यासमोर उघडा.