फ्लॉरेन्समध्ये ज्येनांसोबत (ज्येष्ठ नागरिकांसोबत) राहायला कुठला भाग बरा?

कर्वेनगरी

दिवाळी झाली की लगेच इटलीला जातोय. रोमला उतरून ट्रेनने फ्लॉरेन्स, तिथे चार-पाच रात्री. आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). साबुंचा एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर छान चालतात, जिना मात्र एक-एक पायरी करत. साबांचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे कांदा-लसूण नाही. त्यामुळे स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट हवं.

नवऱ्याचं म्हणणं, एवढं लांब जायचं तर डुओमोसमोरच (तिथलं मोठं चर्च) राहू, खिडकी उघडली की घुमट दिसला पाहिजे. मला स्टेशनजवळ बरं वाटतंय. एक मैत्रीण म्हणते नदीपलीकडे ओल्त्रार्नोला राहा, तिथे 'खरं' फ्लॉरेन्स आहे. बजेट दोन खोल्यांचे मिळून रात्रीला वीस हजारांपर्यंत. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

बोरकूट

डुओमो. डोळे मिटून. रात्री गर्दी ओसरल्यावर त्या चौकात फिरण्यासारखं सुख नाही.

आगाऊ_पंत

बोरकूट, डोळे मिटून जिना चढणार का साबु? :)

मिलानवासी

मी इटलीतच असते आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची सोय करून देता देता या विषयात मुरले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लॉरेन्सचं जुनं शहर फार लहान आहे. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून डुओमो चालत दहा मिनिटं, तिथून पाँते व्हेक्यो हा नदीवरचा जुना पूल आणखी दहा. सगळं सपाट. त्यामुळे 'कुठला भाग' यावर तुम्ही तिघं जेवढा वाद घालताय तेवढा फरक पडतच नाही. फरक पडतो तो इमारतीने. आधी जिना बघा, मग पत्ता.

तिथल्या जुन्या वाड्यांची छतं उंच असतात. पहिला मजला आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा, पण मध्ये कधी कधी एक बुटका अर्धमजला लपलेला असतो. त्यामुळे जाहिरातीत 'तिसरा मजला' दिसला तर मनात पाचवा समजा. लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नसतेच. जिथे आहे तिथेही ती नंतर कशीबशी जिन्याच्या पोकळीत बसवलेली. दोन माणसं उभी राहिली की बॅगेला जागा नाही. आणि एक खोच असते: लिफ्ट रस्त्याच्या पातळीवर सुरू न होता सात-आठ पायऱ्या चढल्यावर सुरू होते. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' एवढंच लिहितात, आणि ते खोटंही नसतं. म्हणून मालकाला नेमका प्रश्न विचारा: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? जिन्याचा फोटो मागा. जो टाळाटाळ करेल तो यादीतून बाद.

आता भाग. डुओमोच्या भोवती २००९ पासून वाहनं बंद आहेत. बाकीच्या जुन्या शहरातही परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, वेशीवर कॅमेरे आहेत आणि दंडाची पावती नंतर घरी येते. टॅक्सीला मुभा असते, पण घुमटासमोरच्या घराच्या अगदी दारात ती येईलच असं नाही. शेवटचा टप्पा दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढत. शिवाय त्या खिडकीचे पैसे वेगळे, आणि सकाळी घंटा फुकट.

मी तुमच्या जागी असते तर सान मार्को चौक ते सान लोरेन्झो या पट्ट्यात शोधलं असतं. सान मार्कोपर्यंत जानेवारी २०२५ पासून ट्राम आली आहे. मिकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया शेजारीच, डुओमो पाच-सात मिनिटांवर. सान लोरेन्झोच्या बाजूला १८७४ ची मेर्कातो चेंत्राले मंडई आहे. खालच्या मजल्यावर भाजी-फळं, त्यामुळे साबांची सोय होईल. स्टेशनच्या अगदी लगतच्या गल्ल्या सोयीच्या खऱ्या, पण रात्री रया जाते त्यांची. वाईट नाहीत, नुसत्या रुक्ष आहेत.

ओल्त्रार्नो मला स्वतःला सगळ्यात आवडतं. कारागिरांची दुकानं, सान्तो स्पिरितोचा चौक, सगळं काही. पण त्या चौकात रात्री उशिरापर्यंत तरुण मंडळींचा कलकलाट असतो. आणि पिट्टी राजवाड्याच्या मागे जमीन एकदम चढते. कोस्टा सान जोर्जो असं काही पत्त्यात दिसलं तर साबुंसाठी नको म्हणजे नकोच.

टेकडीवरची

मिलानवासी, +१. रस्त्याकडे तोंड असलेल्या खोलीऐवजी आतल्या चौकाकडची मागावी, हेही लिहा. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की पहाटे कचऱ्याची गाडी आली की ती उशीखालून गेल्यासारखी वाटते.

सुगरण७

स्वयंपाकाबद्दल. तिकडच्या घरांना वीजजोडणी साधारण ३ किलोवॉटची असते. इंडक्शन, केटल आणि ओव्हन एकदम लावलं की मेन पडतो, आणि तो कधी कधी खाली जिन्यातल्या पेटीत असतो. आल्या आल्या मालकाला जागा विचारून घ्या. कुकर नसतो, छोटा सोबत न्या. आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल.

बाहेर खायचं तर रिबोल्लिता म्हणजे पाव, घेवड्याच्या बिया आणि पालेभाजीचं दाट सूप. मांस नसतं, पण कांदा असतोच. त्यामुळे साबा सोडून सगळ्यांना चालेल. तिथला पाव अळणी असतो, बिघडलाय समजून परत करू नका. आणि गाड्यांवर 'लाम्प्रेदोत्तो' दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. गाईच्या पोटातला प्रकार आहे.

आगाऊ_पंत

पत्त्याची एक गंमत. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका आहेत: दुकानांना वगैरे लाल, घरांना काळे किंवा निळे. दोन्ही आपापल्या ओळीने चालतात. म्हणजे २५ नंबरचं घर आणि लाल २५ चं दुकान यांच्यात बरंच अंतर असू शकतं. लाल नंबरापुढे 'आर' लिहितात. रात्री बॅगा घेऊन चुकीच्या दारासमोर उभं राहायचं नसेल तर हे डोक्यात ठेवा.

सांता क्रोचेच्या बाजूला घर घेतलंत तर भिंतींवर ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत, डोक्याच्याही बऱ्याच वर. साबु पुण्याचे असतील तर पानशेतच्या गोष्टी निघतील, लेकीला तेवढंच ज्ञान. नोव्हेंबरात पाऊस असतोच, छत्र्या न्या.

बोरकूट

नोव्हेंबर म्हणजे थंडी ना? हीटर?

मिलानवासी

बरं विचारलंत. तिथे इमारतींचं हीटिंग कधी चालू ठेवायचं हे कायद्याने ठरलेलं आहे. फ्लॉरेन्सला १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, तेही दिवसातले ठरावीक तासच. दिवाळी ऑक्टोबरात असती तर मी एसीचा हीटर आहे का हेही विचारायला लावलं असतं. रात्री जास्तीच्या रजया मागून ठेवा.

आणखी एक. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत भाड्याने देण्याच्या प्रत्येक घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक लागतो, तो जाहिरातीत छापावा लागतो. तो नसेल तर पैसे भरू नका. सगळ्यांचे पासपोर्ट मागतील, घाबरू नका, पोलिसांकडे नोंद करणं मालकाला बंधनकारक आहे. शहराचा माणशी कर वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत धरलाय का विचारा.

कर्वेनगरी

बाप रे, धन्स सगळ्यांना! नवऱ्याला जिन्याचा मुद्दा पटला (घुमटाचा हट्ट चालूच आहे). अपार्टमेंटऐवजी हॉटेल घेतलं तर लिफ्टचा प्रश्न सुटेल का?

टेकडीवरची

मोठ्या हॉटेलात सुटेल. लहान हॉटेलं त्याच वाड्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात, तिथे तेच प्रश्न परत. जुन्या मठांमधली अतिथिगृहं बघा. साध्या स्वच्छ खोल्या, शांतता, काहींना चांगली लिफ्ट. पण स्वयंपाकघर नाही आणि बऱ्याच ठिकाणी रात्री ठरल्या वेळी दार बंद होतं.

मिलानवासी

चातुर्मास असताना हॉटेल नको, साबा फळांवर राहतील बिचाऱ्या. घुमटाचं म्हणाल तर नवऱ्याला आणि लेकीला वरच चढवा, ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तिकीट आधी काढावं लागतं. तेवढ्या वेळात साबुंना खाली कॉफी. आणि रोमहून तिकीट काढताना उतरायचं स्टेशन 'सांता मारिया नोव्हेल्ला' आहे ना बघा, काही गाड्या फक्त काम्पो दि मार्तेला थांबतात. दोन-तीन घरं निवडलीत की लिंक इथेच टाका, मालकांना इटालियनमध्ये पायऱ्यांचा प्रश्न मी लिहून देते.