मदत हवी आहे : लाइकली आणि प्रोबेबल यात नेमका फरक काय?

पुतणी दहावीला आहे, सांगलीत. तिनं वहीत लिहिलं 'द रिव्हर इज प्रोबेबल टू क्रॉस फॉर्टी फीट' (आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, पावसाळ्यात आमच्याकडं दुसरा विषयच नसतो) आणि मी प्रोबेबल खोडून लाइकली केलं पण का ते सांगता येईना. डिक्शनरीत दोन्हीला 'संभाव्य' एवढंच दिलंय. शब्दाच्या शेवटी एलवाय बघून ती लाइकलीला अ‍ॅडव्हर्ब म्हणत होती, फ्रेंडली (एलवाय असूनही अ‍ॅडजेक्टिव्ह) दाखवल्यावर गप्प बसली.

'इट इज' लावून पुढं दॅट घेतलं की दोन्ही चालतात, हे कळलंय. मराठी अर्थ नकोय, फक्त एवढं सांगा, 'नदी' कर्ता असताना लाइकली टू चालतं मग प्रोबेबल टू का चालत नाही, आणि तिथं लायबल टू लिहिलं तर चालेल का?