व्हेनिसला गोंडोलात बसावं की नाही? कोल्हापूरकरांनो, मतं द्या

रंकाळाकाठ
मंडळी, दिवाळीनंतर आई-वडील आणि आम्ही दोघं असे इटलीला निघालोय. टूरच्या कागदावर व्हेनिसची गोंडोला सफर ‘ऐच्छिक’ लिहिलीय, पैसे वेगळे. माझं मत आहे, बसू नये. तिथल्या पालिकेनं ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. म्हणजे नऊ हजार रुपये कुठं गेले नाहीत. उलट व्हापोरेत्तो म्हणून पाण्यातली बस आहे, तिचं साडेनऊ युरोचं तिकीट ७५ मिनिटं चालतं आणि एक नंबरची बस अख्ख्या ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे शहरातल्या मोठ्या कालव्यातून, जाते. गावातली माणसं रोज तिनंच फिरतात. मग फक्त पाहुण्यांसाठी उरलेल्या नावेत कशाला बसायचं? वडील म्हणतात, एवढ्या लांब जाऊन नावेत बसायचं नसेल तर इथंच रंकाळ्यावर फिरू. घरात दोन तट पडलेत.

शाहूपुरीची लेक
दादा, काकांचं ऐका. मी बसलेय. बसमधून मोठा कॅनॉल दिसतो, पण गल्लीबोळांतलं पाणी दिसत नाही, आणि खरं व्हेनिस तिथंच आहे. आमचा नावाडी मागं डाव्या अंगाला उभा होता, एकच वल्हं, तेही उजव्या बाजूला. अशानं नाव गोल फिरायला हवी, पण ती सरळ जाते, कारण तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद बांधलेली असते. वल्हं ज्यात टेकवतात ती फोर्कोला म्हणजे अक्रोडाच्या लाकडातून कोरलेली वाकडी खुंटी. तिच्या एका खाचेत वल्हं ठेवलं की नाव पुढं, दुसऱ्या ठिकाणी टेकवलं की मागं. कोपरा आला की तो ‘ओए’ अशी हाळी द्यायचा, पूल आला की वाकायचा, आणि फारच अरुंद जागा आली की भिंतीला पाय लावून नाव अलगद ढकलायचा. अकरा मीटरची नाव कुठंही घासली नाही. पैसे त्या हातांचे आहेत. २०१० पर्यंत तर एकाही बाईला हा परवाना मिळाला नव्हता, एवढा तो पिढीजात धंदा.

चिखलीकर
मी रंकाळाकाठच्या बाजूचा, पण कारण वेगळं हाय. आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी असताना पाणी ५५ च्या वर गेलं. पुरात गुळाच्या काहिलीत बसवून म्हातारी माणसं बाहेर काढायची, हे आमच्या भागानं बघितलंय. पाण्यातलं घर बघायला पैसे मोजायचे, हे मला जमत न्हाई. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हेनिसलाही भरतीचं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. आज त्यांच्या जुन्या शहरात पन्नास हजार माणूससुद्धा राहिलेलं न्हाई, घरं पाहुण्यांना भाड्यानं गेली. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याकडनं कमीत कमी पाच युरो घेतात, तरी गर्दी हाय तशीच. आपण तिथं जाऊन त्यात आणि भर का घालायची?

महाद्वार रोड
चिखलीकर, गर्दीचं दुखणं मला कळतं, नवरात्रात आम्हाला स्वतःच्या दारात गाडी आणता येत नाही. पण व्हेनिसला जाणाऱ्यांतला नावेत बसणारा माणूस कमी त्रासाचा. तिथल्या वाड्यांच्या पायाला खरी इजा इंजिनच्या बोटींच्या लाटांनी होते. विटा आणि दगडांच्या सांध्यांतून पाणी आत शिरतं. वल्ह्याच्या नावेची लाट ती काय असणार? रंकाळाकाठ ज्या बसचं कौतुक करतायत, तिलाही इंजिन आहे.

चपलाईनकर
आमच्या घरात तीन पिढ्या चपला बनतात. २०२५ साली इटलीतल्या मिलानच्या रॅम्पवर आपल्या चपलेसारखी चप्पल आली तेव्हा अख्खं कोल्हापूर पेटून उठलं: कारागिराचं नाव घ्या, त्याला दाम द्या. बरोबरच होतं. आता त्याच देशातला कारागीर आपला दाम सांगतोय तर आपण म्हणतो महाग आहे. गोंडोला आठ जातींच्या लाकडांची बनते, ती बांधणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरलेत. गिऱ्हाईकच बसलं नाही तर नवी नाव कोण बांधून घेणार? आमच्या दुकानात माणूस भाव पाडायला लागला की मला जे वाटतं, तेच त्या नावाड्यालाही वाटत असणार.

रंकाळाकाठ
चपलेची गोष्ट मला इथं पटत नाही. चप्पल मी घरी नेतो, वर्षानुवर्षं घालतो. इथं अर्ध्या तासानंतर हातात काय राहतं? आणि मी भाव पाडत नाहीये, विकत घ्यायचंच नाही म्हणतोय. गिऱ्हाइकाला तेवढा हक्क आहे.

वाडीची वारी
तुम्ही सगळे त्रागेत्तो विसरलात. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच, म्हणून मधे मधे मोठ्या गोंडोल्यातून लोकांना पलीकडं सोडतात. दोघं वल्हवतात, पाहुण्यांना दोन युरो. सांता सोफियाहून रिआल्टोच्या बाजारात मी तसाच गेलो, शेजारी भाजीची पिशवी घेतलेली आजी उभी होती. नरसोबाच्या वाडीला नावेनं पलीकडं जायचो, त्याची आठवण झाली.

शाहूपुरीची लेक
त्रागेत्तो चांगलाच, पण दोन-तीन मिनिटांत काठ येतो आणि बोळ एकही दिसत नाही. दादा, टूरवाल्याला आधी हे विचारा: दर माणशी लावलाय का? अधिकृत दर पूर्ण नावेचा असतो, पाच जण बसू शकतात. तुम्ही चौघं स्वतः अधिकृत तळावर गेलात तर माणशी साडेबावीस युरो पडतात. गाणंबजावणं हवं असेल तर त्याचे वेगळे, ते घेऊ नका. सुटण्याआधीच सांगा की आतल्या छोट्या पाण्यातून न्या.

चिखलीकर
ताई, हिशेब पटला. माझं मत मात्र तेच हाय. काकांना बसू दे, मी असतो तर काठावर थांबलो असतो.

रंकाळाकाठ
टूरवाल्यानं माणशीच लावलाय, आणि बऱ्यापैकी चढवून. त्याच्याकडून घेणार नाही हे नक्की. तळावर जाऊन चौघांनी बसायचं की आई-वडिलांनीच, यावर अजून घरात वाद चालू आहे. कुणी गुडघेदुखीवाल्यांना नावेत चढवलंय का? पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात असं ऐकतोय, त्याबद्दल लिहा.