बँकॉकच्या छोट्या सहलीत फळप्रक्रियेचे बाजार आणि देवळे दोन्ही पाहायची आहेत : मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यात राहतो. घरची आंबा-काजूची बाग आहे आणि गावातील काही बायका मिळून आम्ही आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, सोले आणि फणसाचे तळलेले गरे असा माल तयार करतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी, यजमान आणि सासूबाई असे तिघे बँकॉकला जाणार आहोत. कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई आणि तिथून विमान, असा बेत आहे. बँकॉकमध्ये गुरुवारी सकाळी पोहोचू आणि सोमवारी दुपारी परतीचे विमान धरू. मधले शनिवार-रविवार पूर्ण मोकळे आहेत.

बँकॉक निवडण्याचे कारण सरळ आहे. जे आपल्याकडे पिकते, तेच तिथे पिकते. आंबा, फणस, नारळ, केळी ही फळे तर आहेतच, पण तिथले मँगोस्टीनसुद्धा आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे. आमच्या मालाच्या चवीबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार नसते. पावसाळ्यात पोळी चिकट होते, गरे मऊ पडतात आणि साध्या पाकिटामुळे दुकानदार आमचा माल मागच्या फळीवर ठेवतो, ही आमची खरी अडचण आहे. दमट हवेच्या देशात हाच माल लोक कसा वाळवतात, कसा बांधतात आणि ग्राहकासमोर कसा मांडतात, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, नमुन्यादाखल थोडा विकत आणावा आणि गटातील बायकांना दाखवावा, अशी माझी इच्छा आहे. माझी खरेदी मुख्यतः एवढीच आहे. कपडे आणि भेटवस्तू वेळ उरला तर.

सासूबाईंची ओढ वेगळी आहे. राजवाड्याच्या आवारातील देवळाच्या भिंतींवर संपूर्ण रामायण रंगवलेले आहे, असे त्यांनी ऐकले आहे. जन्मभर जत्रांतून दशावतारी नाटके पाहत आलेल्या त्यांना ते चित्रांतले रामायण सावकाश, घाई न करता पाहायचे आहे. त्यांचे गुडघे दुखतात, त्या सलग फार चालू शकत नाहीत आणि पूर्ण शाकाहारी आहेत. आम्ही दोघे मासे खातो, त्यामुळे प्रश्न त्यांच्याच जेवणाचा आहे.

नकाशा पाहून काही गोष्टी मी ठरवल्या आहेत, परंतु पुढील बाबतींत जाणकारांचा सल्ला हवा आहे. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी भरतो आणि त्यात काही हजार दुकाने असतात, असे वाचले. फळप्रक्रियेचा माल पाहण्यासाठी तोच योग्य आहे, की दुसरी एखादी जागा अधिक उपयोगी पडेल? पाकिटे, बरण्या, फिती असे बांधणीचे सामान ठोक भावात कुठे मिळते? मुक्काम प्रातुनाम भागात करावा की नदीकाठी? राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण (वाट म्हणजे तिथले बुद्धमंदिर) ही तिन्ही ठिकाणे गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला एका दिवसात झेपतील का? साडी नेसून देवळात जाता येते ना? शेवटचा प्रश्न यजमानांचा आहे : तिथून ठेंगू नारळाची रोपे किंवा आंब्याची कलमे आणता येतील का?

उत्तर देणाऱ्यांनी शक्यतो जागेचे नाव आणि जवळचे स्थानक सांगावे, म्हणजे मला क्रम लावता येईल.

— काजूबाग, वेंगुर्ले


प्रतिसाद : दर्यावर्दी, रत्नागिरी

ताई, माझी नोकरी बोटीवर होती आणि त्या निमित्ताने बँकॉक पाहणे झाले. आपला हेतू इतका नेमका आहे की उत्तर देणे सोपे जाते.

सर्वांत आधी शेवटचा प्रश्न. रोपे, कलमे, बिया यांपैकी काहीही आणू नका. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांशिवाय अशी वस्तू भारतात आणणे कायद्याने मना आहे आणि विमानतळावर ती काढून घेतली जाते. कायद्याचा भाग सोडला तरी, परदेशातून आलेली चक्राकार पांढरी माशी 2016 मध्ये आपल्या देशात प्रथम आढळली आणि पुढे नारळाच्या बागांची तिने काय अवस्था केली, हे किनाऱ्यावरच्या बागायतदाराला सांगायला नको. चतुचकला बुधवार-गुरुवारी झाडांचा बाजार भरतो, तो यजमानांनी डोळे भरून पाहावा. जातींची चौकशी मात्र वेंगुर्ल्याच्याच फळ संशोधन केंद्रात करावी.

आता बाजार. आपल्या कामासाठी चतुचकपेक्षा त्याच्या समोरचा ओर तोर कोर बाजार अधिक महत्त्वाचा आहे. थायलंडच्या कृषी खात्याच्या अखत्यारीतील शेतकरी पणन संस्था तो चालवते. तो रोज उघडा असतो, छपराखाली आहे, स्वच्छ आहे आणि भुयारी रेल्वेच्या काम्फेंग फेट स्थानकातून वर आले की लगेच लागतो. तिथे भाव चढे असतात, पण आपल्याला पाहायची आहे ती मांडणी आणि प्रतवारी. आंब्याच्या लगद्याच्या वाळवलेल्या वड्या आणि गुंडाळ्या, म्हणजे आपल्या आंबापोळीचीच भावंडे, तिथे एकेका घासाच्या आकारात कापून, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून ठेवलेल्या आढळतील. पाकीट फोडल्यावर सगळा माल एकदम हवेला लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे आणि त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. माझ्या मते आपल्या गटाने पहिली उचलावी अशी गोष्ट हीच आहे.

फणसाचे गरे मात्र बारकाईने पाहा. आपण कच्च्या काप्या फणसाचे गरे खोबरेल तेलात तळतो. तिथे पिकलेल्या फणसाचे गरे निर्वात यंत्रात तळतात. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे पिकलेल्या गऱ्यातील साखर न जळता त्यातला ओलावा निघून जातो आणि पिवळा रंग तसाच राहतो. हे यंत्र घरगुती उद्योगाला महाग पडते, म्हणून चव आवडली तरी लगेच हिशेब मांडू नका. पाकिटाच्या आतून ॲल्युमिनियमचा थर आहे का, आत ओलावा शोषणारी पुडी आहे का, पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरला आहे का, हे पाहून ठेवा. पावसाळ्यात गरे मऊ पडण्यावरचा उपाय बहुतांशी या तीन गोष्टींत आहे.

आणखी एक सुचवतो. गोकर्णीची वाळवलेली निळी फुले आणि बेलफळाच्या वाळवलेल्या चकत्या तिथे चहासाठी सुंदर पाकिटांत विकल्या जातात. आपल्या कुंपणावरची गोकर्ण आणि देवळामागचा बेल यांना तिथे जो मान आहे, तो पाहून आपल्या गटाला एखादे नवे उत्पादन सुचू शकेल.

बांधणीच्या सामानासाठी चिनी वस्तीतील साम्पेंग गल्ली गाठावी. ती इतकी अरुंद आहे की माणसांच्या गर्दीतूनच हातगाड्या आणि दुचाकी वाट काढतात, त्यामुळे सासूबाईंना तिथे नेऊ नये. पिशव्या, फिती, लहान खोकी, मणी, गुंड्या असे सारे ठोक भावात मिळते आणि एकाच प्रकारचे काही नग घेतले की भाव उतरतो. शुक्रवारी सकाळी जा. शेजारीच फाहुरातचा कापडबाजार आहे आणि तिथे आपली भारतीय वस्ती आहे. साम योट हे जवळचे स्थानक.

रोख रक्कम जवळ ठेवा, कारण छोटे विक्रेते कार्ड घेत नाहीत. सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर तळमजल्याखाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या प्रवेशाजवळ, चलन बदलणारी दुकाने आहेत. वरच्या मजल्यांवरील बँकांपेक्षा तिथला दर बहुधा चांगला असतो.


प्रतिसाद : केवडा, गुहागर

मी माझ्या आईला घेऊन गेले होते, म्हणून सासूबाईंविषयी लिहिते. बाजाराबद्दल वर जे आले आहे त्यात मला फार भर घालायची नाही.

तिन्ही ठिकाणे एका दिवसात करू नका. राजवाडा आणि त्याच्या आवारातील देऊळ, म्हणजे वाट फ्रा केओ, यांना एक पूर्ण सकाळ द्या. दरवाजे साडेआठला उघडतात आणि त्या वेळी पोहोचलात तर ऊन आणि गर्दी दोन्ही कमी असतात. परदेशी पाहुण्यांना 500 बाथ तिकीट आहे. रामायणाची चित्रे देवळाभोवतीच्या लांबलचक ओवरीत आहेत. त्यांचे 178 भाग आहेत आणि कथा उत्तरेकडून सुरू होऊन उजवीकडे फिरत जाते. वर छप्पर आहे, त्यामुळे सावलीत थांबत थांबत पाहता येते. थायी रामायणाला रामकियन म्हणतात. त्यातला हनुमान पांढराशुभ्र आणि रावण हिरवा रंगवलेला असतो, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे पात्रे ओळखणे सोपे जाईल. गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती हिरव्या रत्नपाषाणाची आहे. तिची वस्त्रे ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा बदलली जातात आणि डिसेंबरात ती हिवाळ्याच्या वस्त्रांत दिसेल. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढाच पोशाखाचा दंडक आहे. साडीवर खांद्यावरून पदर घेतला की काही अडचण नाही. चपला सहज काढता-घालता येतील अशा असाव्यात. वाटेत कोणी सुटाबुटातील गृहस्थ थांबवून "राजवाडा आज बंद आहे, मी तुम्हाला दुसरे देऊळ दाखवतो" असे म्हणाले, तर नमस्कार करून पुढे चालू लागा. अशा फेऱ्या शेवटी रत्नांच्या दुकानात संपतात.

वाट फो दुसऱ्या दिवशी पाहा. निजलेल्या बुद्धाची 46 मीटर लांबीची मूर्ती सपाट जमिनीवरून फिरून पाहता येते. सनाम चाय हे भुयारी स्थानक जवळ आहे आणि तिथूनच पाक ख्लोंग तलातचा फुलबाजारही चालण्याच्या अंतरावर आहे. मोगरा, झेंडू आणि कमळे यांचे ढीग आणि तिथे वळले जाणारे नाजूक गजरे पाहून सासूबाई निश्चित रमतील. वाट अरुणच्या मनोऱ्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. तो त्यांनी था तियेनच्या धक्क्यावरून, नदीपलीकडूनच पाहावा. हवे तर तरीने, म्हणजे छोट्या बोटीने, पलीकडे जाऊन खालूनच दर्शन घ्यावे, पण तरीत चढता-उतरताना हात द्यायला कोणीतरी बरोबर असू द्या.

जेवणाचे नीट ठरवून ठेवा, कारण भाज्यांतही माशाचा रस्सा आणि सुकटीचा ठेचा पडतो. पपईच्या सलाडात तर बहुधा दोन्ही असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "जे" ही थायी खूण असलेले दुकान शोधावे. तिथे मांस, मासे, अंडी, दूध, इतकेच काय कांदा-लसूणही वापरत नाहीत. फाहुरातच्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो आणि भोवती भारतीय खाणावळीही आहेत. नारळाच्या रसातील चिकट भात आणि आंबा हा पदार्थ मात्र त्यांना नक्की द्या. आपल्या रस-शिरवाळ्यांची आठवण करून देणारी ती गोडी आहे आणि त्यात मासळीचा अंश नसतो. डिसेंबर हा तिथल्या आंब्याचा मुख्य हंगाम नव्हे, तरी 'नाम डॉक माय' जातीचा आंबा मिळतो.

मुक्काम मी नदीकाठी किंवा सनाम चाय स्थानकाजवळ करीन. प्रातुनाम कपड्यांच्या ठोक खरेदीला उत्तम, पण तिथल्या पदपथांवरून गुडघेदुखीच्या माणसाला चालणे कठीण जाते.


काजूबाग, वेंगुर्ले

दोघांचेही मनापासून आभार. इतके तपशीलवार उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. रोपांचा विषय यजमानांनी सोडून दिला आहे. क्रम असा लावला आहे : गुरुवारी विश्रांती आणि संध्याकाळी फुलबाजार, शुक्रवारी सकाळी मी एकटी साम्पेंगला आणि ते दोघे वाट फोला, शनिवारी राजवाडा, रविवारी ओर तोर कोर आणि जमल्यास चतुचक. सासूबाईंना रविवारी उन्हात हिंडवायचे नाही. त्या दिवशी त्यांच्यासाठी काय करता येईल? आणि नमुन्याचा माल आणताना कोणती काळजी घ्यावी?


प्रतिसाद : दर्यावर्दी, रत्नागिरी

ताई, रविवारी सकाळी लवकर आपण एकट्या ओर तोर कोरला जाऊन या आणि दुपारी तिघे मिळून नदीकाठच्या आयकॉनसियाम या मोठ्या मॉलमध्ये जा. सथोर्नच्या धक्क्यावरून तिथे जाणारी बोट मिळते. त्याच्या खालच्या मजल्यावर सूकसियाम नावाचा भाग आहे, जिथे थायलंडच्या सगळ्या प्रांतांतील खाऊ आणि हस्तकला एका छपराखाली, वातानुकूलित जागेत मांडलेल्या आहेत. सासूबाईंना बसत-उठत फिरता येईल आणि आपल्याला निरनिराळ्या गावांची पाकिटे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. चतुचक राहिले तरी आपल्या कामाचे काही बिघडत नाही.

नमुने घेताना प्रत्येकी एकच पाकीट घ्या, पण प्रकार अधिक घ्या. ताजी फळे आणू नका. कारखान्यात बंद केलेला, वाळवलेला किंवा तळलेला माल घ्या आणि पाकिटावरील मूळ लेबल फाडू नका. सरबते आणि चटण्यांच्या बाटल्या हातातील पिशवीत 100 मिलीलिटरच्या वर चालत नाहीत, त्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. बुद्धमूर्ती घेण्याचा मोह झाला तर थांबा, कारण तेथील ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. एखाद्या मोठ्या दुकानात एका दिवशी 2,000 बाथ किंवा त्याहून अधिक खरेदी झाली आणि तिथे कर परताव्याची पाटी असली, तर पारपत्र दाखवून फॉर्म भरून घ्या. विमानतळावर सामान जमा करण्याआधी तो सीमाशुल्क कक्षात दाखवावा लागेल का, हे तिथेच विचारून घ्या. बाजारातल्या खरेदीला हा परतावा मिळत नाही.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये प्रवेशासाठी डिजिटल आगमन कार्ड भरणे बंधनकारक आहे. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येते. पैसे मागणारी संकेतस्थळे टाळा. कोकणकन्येत नेटवर्क अधूनमधून जाते, म्हणून तिघांची कार्डे घरूनच भरून छापून घ्या. व्हिसाचे नियम मात्र तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहूनच पुढे जा.