मदत हवी आहे: नाशिकमध्ये गणितवेडी मुलं कुठे भेटतील?

अकरावी सायन्सला आहे, सिडकोत राहते. जेईईचा क्लास लावलाय, पण तिथे "हे असंच का?" विचारलं की "परीक्षेला येत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. घरी आयओक्यूएमचे (गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेचे) जुने पेपर सोडवते. उत्तर बघून समजतं, पण ते सुचलं कसं यावर डोकं खाजवायला सोबत कुणीच नाही.

सार्वजनिक वाचनालयात गेले, पुस्तकं मिळाली, माणसं नाहीत. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली, तर ट्यूशनवाल्यांचेच फोन (नंबर आईचा होता, त्यामुळे तो मार्ग आता बंद!). टेलिग्राम ग्रुप कृपया सुचवू नका, तिथे नुसत्या शॉर्टकट ट्रिका फिरतात.

रविवारच मोकळा असतो. गंगापूर रोडपर्यंत सिटी बसने येईन; दर आठवड्याला पुणे-मुंबई परवडणार नाही.

दुसरं म्हणजे, बाबांना इंजिनीअरिंगच हवंय. मला चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) किंवा बेंगळुरूच्या आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी. मॅथ, म्हणजे गणिताची पदवी, करायचंय. प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात, ते माहितीये. बाबांचा प्रश्न एकच: "पुढे काय?"

नाशिकहून तिकडे गेलेलं कुणी बाबांशी फोनवर बोलेल का? आणि रविवारी एकत्र बसून गणितं सोडवणारी आठवी ते बारावीची मुलं कुणाच्या माहितीत आहेत का?