बार्बी गर्ल जाहिरात नव्हतीच
'बार्बी गर्ल' हे बार्बी बाहुलीच्या मॅटेल कंपनीनेच करून घेतलेलं जाहिरातगीत, असं कुणीतरी म्हटलंय. अहो, उलट! १९९७ साली ॲक्वा या पॉप बँडचं हे गाणं आलं, ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलं आणि मॅटेलने रेकॉर्ड कंपनीला थेट कोर्टात खेचलं. २००२ मध्ये मॅटेल हरली. निकालपत्राच्या शेवटी न्यायाधीश कोझिन्स्कींनी चक्क लिहिलं, दोन्ही पक्षांनी जरा थंड घ्यावं! वर कडी म्हणजे २००९ मध्ये त्याच मॅटेलने शब्द बदलून हेच गाणं जाहिरातीत वापरलं.

बाकी बँडची गायिका लेनेचा तो मुद्दाम चिरका काढलेला आवाज आणि मध्येच गायक रेनेची घोगरी हाक, अर्धं गाणं त्यावरच उभंय. चाल म्हणाल तर साधीच.