गरम झाली की १२ व्होल्टची सप्लाय डोलते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपुरात महालला माझं छोटं रिपेअरिंगचं दुकान आहे. कॅमेऱ्यांची १२ व्होल्ट ५ अँपिअरची फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरची स्विचिंग) सप्लाय आली आहे, ती चालवणारी आयसी यूसी३८४२. ज्या आजींची आहे त्या घरी एकट्याच राहतात, म्हणून लवकर द्यायची आहे.

थंड असताना २ अँपिअर लोडवर १२.१ व्होल्ट ठाम मिळतात. दहाएक मिनिटांनी मात्र आउटपुट ९ ते १२ मध्ये झुलू लागतं आणि ट्रान्सफॉर्मरमधून टिक-टिक असा बारीक आवाज येतो. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तर पाचच मिनिटांत.

आउटपुटचे कपॅसिटर आणि आउटपुटचा व्होल्टेज आयसीला कळवणारे ऑप्टोकपलर, टीएल४३१ बर्डीवरून नवीन आणून टाकले. इनपुटच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट स्थिर आहेत. टेस्टिंगसाठी लाइनमध्ये लावलेला सिरीज बल्ब काढूनही तेच.

खरी गोम आयसीच्या ७ नंबरच्या पिनवर, म्हणजे तिला स्वतःला सप्लाय मिळते तिथे दिसते. तिथला व्होल्टेज १० च्या खाली जातो, आयसी बंद पडते, व्होल्टेज १६ ला पोचला की परत सुरू होते. या पिनचा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही बदलला, फरक नाही. बाहेरून वेगळे १५ व्होल्ट दिले तर तासभर आउटपुट हललं नाही.

म्हणजे दोष ऑक्झिलरी वाइंडिंगच्या (ट्रान्सफॉर्मरमधून आयसीला सप्लाय देणाऱ्या वाइंडिंगच्या) वाटेवरच आहे असं मला वाटतं. तिथला डायोड थंड असताना मीटरवर चांगला दाखवतो. तो गरम झाल्यावर लीक होत असेल, की ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगच गेली असेल? ट्रान्सफॉर्मर न काढता हे कसं ओळखायचं, कोणी अनुभवी दादा सांगाल का?